टेबलापलीकडची खुर्ची

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत आमची पत्राकामाची शेड आहे. काम बहुतेक जॉबवर्कचं: इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्या, दूध प्लांटचे स्टँड, शेतीपंपाच्या स्टार्टरचे खोके. गिऱ्हाईक ड्रॉइंग देतं, आम्ही त्याबरहुकूम पत्रा कापून, वाकवून, रंगवून देतो. माप जुळलं की चलन फाडायचं आणि गाडी भरायची. अशा कामात प्रामाणिकपणा किती पाळला हे व्हर्नियर सांगतो. पण कुणी ड्रॉइंग न दिलेली, आपल्याच मनातली वस्तू घडवायला घेतली की जुळवायचं कशाशी, हे सांगणारं कुणी नसतं. टेबलावर ठेवायची एक साधी वस्तू मी सध्या घडवतो आहे. नमुना हातात आहे, विचारणा येऊ लागल्या आहेत, आणि माल काढण्याआधी स्वतःला काही गोष्टी नीट विचारून घ्यायच्या आहेत.

वस्तू म्हणजे कॉम्प्युटरवर नोंदी करणाऱ्यापुढे कागद धरून ठेवणारा स्टँड. एकाच पत्र्यातून कापून वाकवलेला, वर ओळ दाखवणारी एक सरकती पट्टी. बाकी काही नाही.

आमच्या इंदापूर तालुक्यात कागदावरचं कॉम्प्युटरवर उतरवण्याचं काम केवढं चालतं, याची बाहेरच्याला कल्पना येणार नाही. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. भीमेकाठची गावं आणि मळई पाण्याखाली गेली, आणि उरलेल्या रानात त्याच पाण्यावर ऊस उभा राहिला. उसामागून कारखाने आले आणि कारखान्यांमागून नोंदी. शेतकी कार्यालयात लागवडीच्या नोंदींचे गठ्ठे येतात. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात (८६०३२ की २६५), आडसाली की पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, आणि लागवडीची तारीख. याच तारखेवरून तोडणीचा क्रम लागतो. टाइप करणारीची नजर एक ओळ सरकली आणि वरच्याची तारीख खालच्याला लागली, तर कुणाचा तरी ऊस फडात उभा राहील, तुरे येतील, वजन घटेल. आपलं काय चुकलं हे त्या माणसाला कळणारही नाही. सेतू केंद्र, ग्रामपंचायत, दूध संकलनाचं ऑफिस, पतसंस्था, सगळीकडे मांडणी तीच. कागद डाव्या हाताला टेबलावर आडवा, स्क्रीन समोर. माणसाचं डोकं पाचएक किलो भरतं. ते दिवसभर खाली डावीकडे आणि पुन्हा वर समोर फिरत राहतं, आणि संध्याकाळी एस.टी.त बसल्यावर हात आपोआप मानेकडे जातो. हे मी पाहत होतो, म्हणून हा स्टँड करायला घेतला. निदान मी तरी स्वतःला कारण हेच सांगत होतो.

पहिला नमुना दिसायला देखणा होता. अरुंद, उंच, जवळजवळ ताठ, मॉनिटरशेजारी शोभेल असा. त्यावर कागद लावला की थोड्या वेळाने वरचं टोक पुढे झुकायचं, आणि पंखा पाचावर फिरत असला की कागद उडून खाली जायचा. इंदापुरात मे महिन्यात पंखा पाचावर नसलेलं ऑफिस मी पाहिलेलं नाही. मग पाठ जरा कलती केली. खालचा ओठ खोल केला. पट्टीच्या आतून फेल्ट लावला, म्हणजे ती जिथे सोडावी तिथेच थांबेल. बुडाला डिंकाने चिकटवलेले रबरी बूट उन्हाळ्यात सुटून टेबलावर राहायचे, म्हणून भोकात दाबून बसवायचे बूट घेतले. शेडमध्ये उभं राहून विचार केला की ज्या सुधारणा सुचतात, त्या या.

खरा बदल मात्र दुसरीकडे झाला. एका कार्यालयात दोन नमुने वापरायला दिले होते. काही दिवसांनी गेलो तर तिथल्या ऑपरेटर ताईंनी स्टँड मॉनिटरच्या शेजारून उचलून थेट समोर, कीबोर्ड आणि स्क्रीन यांच्या मधे आणला होता. पाठ मागे रेलवून एका फायलीवर टेकवलेली, आणि पुढची बाजू उंच व्हावी म्हणून ओठाखाली जेवणाचा स्टीलचा डबा. कीबोर्डचा वरचा भाग त्याखाली गेलेला. मी पाहत राहिलो तसं त्या जरा संकोचून म्हणाल्या, “दादा, बाजूला असला की मान वळतेच की. समोर असला की नुसते डोळे वर करायचे.” पाच-सात ओळी त्यांनी मला करून दाखवल्या. पट्टी एका बोटाने खाली, डोळे वर, बोटं चालू. मान हलली नाही.

त्या डब्यावर टेकवलेल्या स्टँडमध्ये पुढची सगळी वस्तू होती. त्याला पाय द्यायचे, कीबोर्ड खाली सरकेल इतकी जागा ठेवायची, आणि पाठ उभी न ठेवता उतरती करायची. उतरत्या पाठीवर कागद आपल्याच वजनाने पडून राहतो. झुकत नाही, पंख्याने सहसा उडत नाही, ओठ खोल करण्याचीही गरज उरत नाही. रुंदी वाढवायला जागा मिळाली, त्यामुळे आडवा ए-फोर, म्हणजे २९७ मिलिमीटरचा कागद, दोन्ही कडांना न लोंबता बसू लागला. आधी मी ज्या अडचणी एकेक करून सोडवत होतो, त्यातल्या बहुतेक मुळातच उरल्या नाहीत. जुन्या पेढीवर दिवाणजींच्या पुढ्यात असायचं त्या उतरत्या डेस्काचंच हे धाकटं भावंड झालं.

आता स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न. ही वस्तू कुणाची? पत्रा माझा, बेंडिंगचं मशीन माझं, भोसरीहून लेझर कटिंग करून आणण्याचा खर्च माझा, नमुन्यांवर गेलेला वेळ आमच्या माणसांचा. पण वस्तूचा जीव ज्यात आहे ती मांडणी त्या ताईंची. आपल्याकडे डिझाइन अधिनियम, २००० खाली वस्तूच्या आकाराची नोंदणी करता येते. दहा वर्षांचं संरक्षण मिळतं, पुढे पाच वर्षं वाढवता येतं. एका ओळखीच्या सल्लागाराने अर्ज टाकून मोकळे व्हा म्हणून सांगितलं. कायद्याच्या अंगाने बोलायचं तर पाय, वळणं, प्रमाणं मी ठरवली, तेव्हा आकार माझा. कायदा रूपाला संरक्षण देतो, वापराच्या युक्तीला नाही, हेही मला माहीत आहे. तरी अर्जावर एकट्याचं नाव लिहायला हात धजत नाही. मी ताईंना काही रक्कम देऊ केली, तर त्या म्हणाल्या, “पैसे राहू द्या दादा, आमच्या इथल्या बाकीच्या दोघींना एकेक स्टँड द्या.” स्टँड दिले. त्यांनी मन मोठं केलं म्हणून माझं देणं फिटलं, असं मी मानू शकत नाही. ज्याला आपल्या सुचण्याची बाजारातली किंमत ठाऊक नाही, त्याने ‘नको’ म्हटलं तर ते ‘नको’ पुरेसं नसतं. अर्ज करायचा तर दोघांच्या नावाने करायचा, आणि अर्ज म्हणजे काय, त्यातून पुढे काय मिळू शकतं हे त्यांच्या घरच्यांसमोर बसून समजावून सांगूनच करायचा, इथवर मी आलो आहे.

दुसरा प्रश्न पत्र्याच्या जाडीचा, आणि तो मला सर्वांत जास्त छळतो.

नमुने मी १.२ मिलिमीटरच्या सीआर पत्र्यात केले. एका खरेदी विभागाकडून निरोप आला की वस्तू आवडली, दर खाली आला तर बऱ्याच नगांची ऑर्डर निघेल. पत्रा ०.८ केला तर वजन एक तृतीयांशाने उतरतं आणि दर सहज खाली येतो. पावडर कोटिंग झाल्यावर दोन नग शेजारी ठेवले तर साहेबाला फरक दिसणार नाही. हातात घेऊन हलवलं तर थोडा कळेल. पण आठ तास टाइप करणारीला तो कळतो. टेबलाला बसणाऱ्या ठोक्यांनी पातळ पाठ बारीक थरथरते, कागदावरची अक्षरं डोळ्यांपुढे हलतात. कुणी त्यावर फाइल टेकवली, कोपर ठेवलं, की महिन्या-दोन महिन्यांत पाठीला पोक येतो. तोवर बिल निघालेलं असतं.

इथे मला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर आठवतो. बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा तो विकला जाईना. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढे १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तो नांगर महाराष्ट्रभर गेला, हा इतिहास आपण शाळेपासून ऐकतो. सांगताना शेतकऱ्याचं अज्ञान आणि उद्योजकाची चिकाटी असा रंग त्याला दिला जातो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. शेतकऱ्याला ‘नको’ म्हणता येत होतं. नांगर धरणारा तोच, पैसे मोजणाराही तोच. पटला नाही तर नांगर दुकानात पडून राहणार, आणि तो का पडून राहिला याचा शोध कारखानदाराला घ्यावाच लागणार. माझ्या गिऱ्हाइकात हे दोघं वेगळे आहेत. स्टँड वापरणारी एक, आणि ऑर्डरवर सही करणारा दुसराच. जिला त्रास होणार तिला नाकारण्याचा अधिकार नाही. कार्यालयाने दिलं ते टेबलावर ठेवायचं. नांगराच्या बाबतीत जे काम बाजाराने केलं, ते इथे बाजार करणार नाही. ते मलाच करावं लागेल, किंवा ते होणारच नाही.

कमी करणं वाईटच असतं असं मी म्हणत नाही. टेबलावरच्या वस्तू तर कमी करत करतच सुधारतात. जॉर्ज कारवर्डाइन नावाचा इंग्लंडमधला मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणारा इंजिनिअर होता. त्याने १९३२ मध्ये स्प्रिंगांवर तोललेल्या दिव्याचं पेटंट घेतलं. नेऊ तिथे थांबणारा, एका हाताने हलणारा हा दिवा आधी चार स्प्रिंगांचा, कारखान्यातल्या कामाचा होता. पुढे रेडिचच्या टेरी कंपनीबरोबर त्याचा तीन स्प्रिंगांचा, घरात आणि टेबलावर शोभणारा दिवा निघाला. तोच अँगलपॉइज. एक स्प्रिंग कमी झाली, पण दिव्याचा तोल कायम राहिला. माझ्या कामाला मी हीच कसोटी लावून पाहतो. मागच्या बाजूचं एक वळण मी काढून टाकलं. स्टँड तेवढाच ताठ राहिला आणि बेंडिंगचा एक ठोका वाचला. ते कमी करणं मला पटतं. पत्रा ०.८ करणं त्यात बसत नाही, कारण त्यात वाचतो तो माझा आणि खरेदीदाराचा पैसा, आणि किंमत मोजतात तिसरीचे डोळे. १.० मिलिमीटर करून पाठीच्या कडा मागे दुमडल्या तर काय होतं ते सध्या पाहतो आहे. दुमडीने ताठपणा येतो. पण त्या नगावर कुणीतरी पूर्ण पाळी काम केल्याशिवाय मी त्याला ‘चालेल’ म्हणणार नाही. शेडमधल्या टेबलावर ठेवून हाताने दाबून पाहणं म्हणजे तपासणी नव्हे.

कडांवरून आठवलं. कापलेल्या पत्र्याच्या कडेला बर राहते, डोळ्यांना न दिसणारी बारीक धार. पुढची कड सगळे घासतात, कारण ती दिसते. आमच्या स्टँडची सगळ्यांत धोक्याची कड खालच्या बाजूला आहे, जिथून कीबोर्डवरची बोटं आत-बाहेर होतात. तिथे बर राहिली तर नखाच्या मुळाशी ओरखडा येतो, आणि स्टँड उलटा करून पाहिल्याशिवाय तो कशाने आला हे कळत नाही. आमच्या बेंडिंगवरच्या मामांची रीत अशी: घासून झालं की कापसाचं जुनं फडकं त्या कडेवरून एका दमात ओढायचं. एकही धागा अडकला तर नग परत ग्राइंडरवर. मी कधी घाईत असलो की म्हणतात, “शेठ, फडक्याला विचारा, मला काय विचारता?” नगामागे त्यात काही मिनिटं जातात, आणि ती कुठल्याच बिलात येत नाहीत. मामा रोज आठ तास तिथे उभे असताना ती मिनिटं मोडीत काढा असं मी त्यांना सांगू शकेन का, हा प्रश्नसुद्धा मी स्वतःला विचारला. सांगू शकेन, आणि ते ऐकतीलही. म्हणूनच ते सांगायचं नाही हे आधीच लिहून ठेवायला हवं. तपासणीच्या तक्त्यावर फडक्याची ओळ मी छापून घेतली आहे.

मग खोक्यावर काय लिहायचं? छपाईवाल्याने मजकूर सुचवला: मानदुखीपासून कायमची सुटका. चांगला खपेल असा मजकूर आहे. पण मला हे माहीत आहे का? दोन-चार जणींनी बरं वाटतं म्हणून सांगितलं. त्यातली एक आधीपासून औषधं घेत होती. दुसरीने त्याच सुमारास खुर्ची बदलली होती. कुठल्या डॉक्टरने तपासलेलं नाही, मोजमाप झालेलं नाही. कागद समोर आला की मान कमी वळते, एवढं डोळ्यांनी दिसतं. त्यापुढचं मी लिहिलं तर कुणी दुखणं अंगावर काढेल, डॉक्टरकडे जायचं पुढे ढकलेल आणि माझ्या पत्र्यावर विसंबून राहील. खोक्यावर एवढंच येईल: कागद स्क्रीनच्या रेषेत राहतो, मान कमी वळते, दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

शेवटची गोष्ट मात्र अशी आहे की तिच्यावर माझ्या हातात पत्र्याचा कुठलाच उपाय नाही. ज्या ताईंनी स्टँड समोर आणला, त्यांनाच मी विचारलं की आता दिवस हलका जातो का. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “गठ्ठा लवकर संपतो ना, मग दुसरा येतो.” तक्रारीचा सूर नव्हता. जे आहे ते सांगितलं.

तेव्हापासून हे वाक्य माझ्याबरोबर आहे. मी त्यांची मान वाचवायला निघालो होतो, आणि वाचलेला वेळ दुसऱ्याच्या खात्यात जमा झाला. मग मी नक्की कुणाला मदत केली? मनाला समजावायला उत्तरं बरीच आहेत. मी पत्रा वाकवणारा माणूस, कुणाला किती काम द्यायचं हे माझ्या हातात नाही. वस्तू नसती तरी गठ्ठे आलेच असते. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींनी समाधान होत नाही. कारण विकताना मी वेग सांगूनच विकतो. खरेदी अधिकाऱ्यापुढे बसलं की तोंडातून आधी तेच निघतं: साहेब, नोंदी भराभर होतील. मान, डोळे, ओळ न चुकणं, हे नंतर. ज्या शब्दांनी मी वस्तू विकतो, त्याच शब्दांनी ती वापरली जाणार. वेगाचं आमिष दाखवून विकलेल्या स्टँडकडून मालक वेगच मागणार.

म्हणून विकण्याची भाषा बदलायची ठरवली आहे. नोंद चुकत नाही, हे आधी सांगायचं. ओळ न चुकणं शेतकऱ्याच्याही हिताचं, कार्यालयाच्याही आणि टाइप करणारीच्याही. त्यात कुणाचं घेऊन कुणाला द्यावं लागत नाही. नगाबरोबर एक पानी सूचना द्यायची, तिच्यात तासाभराने उठून चार पावलं चालण्याबद्दल लिहायचं, आणि ती सूचना ऑपरेटरबरोबरच तिच्या वरच्यालाही द्यायची. याने गठ्ठे थांबतील असा माझा समज नाही. माझ्या वाट्याचं मात्र तेवढं झालंच पाहिजे.

ही वस्तू फार काळ टिकणारी नाही हेही मला दिसतं. गोदरेजने १९५५ मध्ये टाइपरायटर बनवायला सुरुवात केली, आणि २००९ मध्ये तो बनवणं थांबलं. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि तलाठ्याच्या सहीसाठीचे कितीतरी हेलपाटे वाचले. उद्या उसाची नोंद फडातूनच मोबाइलवर होईल, होऊ लागलीच आहे, आणि कागद धरणाऱ्या स्टँडचं काम संपेल. त्याचं मला वाईट वाटणार नाही. पण वस्तूचं आयुष्य थोडं आहे म्हणून ती कशीही उरकावी, हे मला मान्य नाही. तिच्यापुढे बसणारीचे डोळे आणि मान तिला पुढची कित्येक वर्षं वापरायची आहेत.

पत्र्याची जाडी ०.८ होणार नाही, आणि त्या दराची ऑर्डर आली तरी मी घेणार नाही. हे खरेदी विभागाला कळवलं आहे. खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे, मग माल माझा असो वा दुसऱ्या कुणाचा. नमुना आला की तो स्वतःच्या टेबलावर ठेवून पाहू नका. जिच्यासाठी घ्यायचा तिच्या टेबलावर आठवडाभर ठेवा, आणि तिने नको म्हटलं तर आम्हाला परत पाठवा.